मेहरुन्निसा चाचीचे मोजे

कामरगावात राखीच्या लग्नाचा चुडा भराचा होता आन् मेहरुन्निसा मन्यारीन ओसरीवर बांगड्याची पेटी उघडून बसली होती. ऊन असं की बसल्या जागी घाम, तरी चाचीच्या पायात मोजे! पन मोज्याकडे कोनी पाहूनच नाही राह्यलं. समद्या बायका पाहत होत्या तिच्या हाताकडे. तळवे लाल, नवी कातडी आलेले, नुकत्या न्हानलेल्या बाळाचे असतात ना, तसे.

"घरातलं पहिलं लगन, आन् चुडा हिच्या हातून?" राखीची काकू गंगू बाजेवरूनच बोलली. "एड्स हाय हिले. समदं गाव जानते."

"जानते तं पुरं जान," मेहरुन्निसा बोलली. "हात लावल्यानं तो होत नाही. त्याच्यापायी कॅन्सर झाला होता, पायावर जांभळे डाग. अकोल्याले सहा लाल बाटल्या चढवल्या. पहिल्या दिवशी म्या नर्सले म्हनलं, एवढं जहर, दिल बंद पडला तं? ते म्हने, चाची, हे औषध चरबीच्या बारीक-बारीक फुग्यात भरलेलं हाय. दिलाले धक्का कमी, डागापाशी जाऊन मोकळं होते. म्या म्हनलं, मंग तसं बोल ना माय! फिरोजाबादहून आमच्या काचेच्या बांगड्या फुटू नये म्हनून पेंढ्यात भरून येतात, तसंच की!"

दोघी-तिघी हसल्या. गंगू नाही हसली. राखीनं मात्र गुपचूप हात पुढे केला.

मेहरुन्निसानं तो धरला. त्या औषधानं तळवे असे सोलले होते की चार महिने चहाचा कप नाही धरता आला. परवा डॉक्टर म्हनला, भरा आता चुडे. पन नवरीच्या हातात एक जरी काच फुटली, तं साऱ्या कारंजा तालुक्यात पुन्हा कोन बोलावनार?

तिनं राखीच्या अंगठ्याचं हाड दाबलं, पंजा मिटवला, पहिली सरकवली. मंग दुसरी. तळवे चरचर भाजून राह्यले, पन तोंडावर काही नाही. मापही सैल नाही घेतलं बाईनं, चुडा कसा घट्टच पाह्यजे! डाव्यात अकरा, उजव्यात दहा.

गंगू बाजेवरून उठून आली. दोन्ही हात फिरवून-फिरवून पाह्यले.

"एकही नाही फुटली वो," ती बोलली.

इकडे नवरी चुडा भरनारीच्या पाया पडते. पायावर डाग आले तवापासून हात सोलेपर्यंत कोनतीही नवरी वाकली की मेहरुन्निसा पाय आत ओढायची, "राहू दे बेटी" म्हनायची. आजही राखी वाकाले गेली.

"थांब बेटी."

मेहरुन्निसानं दोन्ही मोजे ओढून काढले. जांभळ्या डागाच्या जागी फिक्या चहासारख्या खुना राह्यल्या होत्या, बस. तिनं पाय सरळ पुढे ठेवले, अंगनातल्या समद्यायले दिसतील असे.

"हं. आता पड."

राखी वाकली, आन् एकवीसच्या एकवीस बांगड्या त्या पायावर खनखन वाजल्या.