दोन काप

नबीसाब मिस्त्रीनं सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली, आणि पुसता पुसता सीटखालच्या नळीवर त्याचा फडका थांबला. समोरच्या दगडावर बसलेला धुळा पुढं सरकला. सकाळपासून तो तिथंच ठाण मांडून होता. पाणी प्यायलासुद्धा उठला नव्हता.

सायकल एका गोऱ्या साहेबाची होती, तीन गिअरची. विलायतेला परत जाताना साहेबानं ती आपल्या खानसाम्याला दिली आणि खानसाम्यानं धुळाच्या गळ्यात अकरा रुपयांना मारली. मागचा गिअर अडकलेला, ब्रेक नावालाच. दुरुस्तीला धुळाजवळ दोन रुपये उरले होते, आणि सोमवारी सायकल घेऊन वकिलाच्या दारात उभं राहायचं होतं. कोर्टाचे कागद पोचवायची नोकरी, पण सायकल स्वतःची हवी. सायकल नाही तर मुकाट गावाकडं, भावाची मेंढरं वळायला.

शेजाऱ्यांनी कान भरले होते. नवी पेठेतले मिस्त्री म्हणे विलायती माल काढून घेतात आणि जपानी घालतात, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. धुळा जन्माचा मेंढरांतला माणूस. मेंढरू बदललं जाऊ नये म्हणून काय करायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं कानस मागून आणली आणि काल दिवसभर बसून सायकलच्या एकेका भागावर दोन तिरपे काप मारले. चाकाच्या धावेवर, पायडलवर, घंटेच्या टोपीवर. सीटखालच्या नळीवर आधीच काहीतरी बारीक कोरलेलं होतं. त्यात आपली खूण मिसळून जाईल, म्हणून तिथले काप त्यानं चांगले दाबून मारले.

आता मिस्त्री नेमका तिथंच बोट फिरवत होता. घावल्या खुणा, धुळा मनात म्हणाला. डाव फसला, म्हणून तोंड उतरलं बघ गड्याचं.

नबीसाब उठला आणि शेजारच्या कापडदुकानातून बसलिंगप्पाला घेऊन आला. दोघं नळीवर वाकून कुजबुजले. मग बसलिंगप्पानं धुळाकडं अशा नजरेनं पाहिलं, की धुळानं पुढं होऊन सायकलचं चाकच धरलं.

"सायकल कुनाची?" नबीसाबनं विचारलं.

"माजी."

"पावती हाय?"

"खानसाम्याकडनं घेतली. त्यो गेला मद्रासला. पावती कुटली?"

"मग नंबर कुनी घासला?"

"कसला नंबर?"

"ह्यो." नबीसाबनं नळीवर नख टेकवलं. "चोरीच्या सायकलीचा आदी नंबर घासत्यात. मागं एक अशीच माज्या दुकानात घावली, तीन दिवस चौकीत बसलो मी. बसलिंगप्पा, बलवा फौजदाराला. मला न्हाय पायजे ही बला."

धुळाला आत्ता उमगलं. ती कोरलेली बारीक अक्षरं म्हणजे सायकलचा नंबर होता, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं कानसून टाकला होता. फौजदार आला की सायकल गेली, सोमवार गेला. खरं सांगावं, तर ज्याचा संशय घेतला त्याच्याच तोंडावर सांगायचं.

"थांबा," तो म्हणाला. "मीच मारल्यात ते काप. नंबर हाय ते ठावं नव्हतं. समद्या सायकलीवर हायत, बगा की. मेंढराच्या डाव्या कानाला आमी असंच दोन काप देतो. आमच्या घरची खून हाय ती."

"सायकल काय मेंढरू हाय का? कशापायी मारलं?"

धुळाची मान खाली गेली. "तुमी सामान बदलून घ्याल म्हनून."

बसलिंगप्पाला हसू आवरेना. नबीसाब हसला नाही. त्यानं सायकल सगळीकडून न्याहाळली. धाव, पायडल, घंटा, सीटचं कातडं. दोन काप, सगळीकडं तसेच तिरपे.

"आन टायर?"

"टायर सोडला. फुटंल म्हनून."

बसलिंगप्पा उपरण्यात तोंड खुपसून आपल्या दुकानात गेला. नबीसाब कामाला बसला. दोन रुपयांत भागावं म्हणून ब्रेकला त्यानं जुन्या वहाणेचं कातडं कापून घातलं. मागचं चाक उघडून गिअरची बारकी बारकी दातेरी चक्रं घासलेटात धुतली, फडक्यावर ओळीनं मांडली, आणि परत बसवताना एकेक चक्र आधी धुळासमोर धरलं. धुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नका दाखवू, असं म्हणावंसं त्याला फार वाटलं. पण एकेक चक्र त्यानं बघून घेतलंच.

शेवटचा नट आवळून नबीसाबनं सायकल रस्त्यावर काढली. "चालवून बगितल्याबिगर गिअर कळत न्हाय. किल्ल्यापातूर जाऊन येतो. जाऊ?"

"जावा की," धुळा घाईघाईनं म्हणाला. "इचारताय काय?"

नबीसाबनं टांग मारली. घंटा वाजवत सायकल गर्दीत शिरली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. बस गुमान, धुळानं स्वतःला बजावलं. त्याचं दुकान हितं, हत्यारं हितं, दोन रुपये अजून तुझ्याच कनवटीला. माणूस जाईल कुठं? सगळं त्याला पटलं. पटता पटता त्याच्या ध्यानात आलं, की आपण पळतोय. वहाणा दगडापाशीच राहिल्यात.

वळणापलीकडं नबीसाब एक पाय जमिनीला टेकून उभा होता, मागं तोंड करून. धुळा धापा टाकत समोर आला, तसा त्यानं मागच्या क्यारेजवर थाप मारली.

"बस," तो म्हणाला. "तुज्या वजनानं गिअर बरा कळंल."