शेजारची जागा

"वैर होतं का दोघींत?" दफनमंडळाच्या चिटणिसांनी विचारलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

प्रश्न रीतीचा होता. त्यांच्या ज्यू समाजात वैऱ्यांना शेजारी शेजारी पुरत नाहीत. जन्मभर ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, त्यांना मेल्यावर तरी एकमेकांचा ताप नको, एवढाच त्यातला विचार. म्हणून खणायला घेण्याआधी दोन्हीकडच्या माणसांना विचारायचं. टेबलावर कबरस्तानाचा नकाशा पसरला होता आणि त्यात दोनच चौकोन रिकामे होते. एक झाडाखाली, समोर बसलेल्या शिंपिणीच्या आईच्या कबरीशेजारचा. दुसरा मागच्या भिंतीला लागून, गटारापाशी.

"वैर? छे हो!" वारलेल्या बाईंचा थोरला मुलगा म्हणाला. "यांची आई आमच्याकडे स्वयंपाकाला होती. अगदी घरच्यासारखी."

बाईंचं कफन शिंपिणीनेच शिवून आणलं होतं. त्यांच्यात राजा असो की रंक, सगळ्यांना तेच साधं पांढरं कापड, बिनखिशाचं. त्याची घडी तिच्या मांडीवर होती.

घरच्यासारखी म्हणे! त्या घरच्यासारख्या बाईवर भर प्रार्थनाघरात अंगठीच्या चोरीचा आळ घेऊन तिला हाकलून दिलं होतं. सहा वर्षांनी बाईंचा थंडीतला कोट शिंपिणीकडे आला आणि फाटक्या अस्तरातून तीच अंगठी घरंगळली. शिंपिणीने ती नेऊन बाईंच्या तळहातावर ठेवली. बाईंनी बोटात घातली, हात लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अस्तर जरा जाड लाव." बस्स. चारचौघांत त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आई मरेपर्यंत चोर राहिली. आणि बाई? ब्याण्णव वर्षं खणखणीत जगून काल दुपारी, नातवंडांच्या गराड्यात, झोपेतच गेल्या.

वीस वर्षं शिंपीण दर आठवड्याला हिब्रू ग्रंथाच्या वाचनाला बसत होती, ती एकाच आशेवर. दुष्ट माणूस गवतासारखा वाळून जातो, असं त्यात होतं. बाईंचं गवत शेवटपर्यंत हिरवंगार. आणखी काही पानं पुढे गेलं की ग्रंथ सरळ हात वर करायचा: भला असो वा बुरा, दोघांची गत एकच. त्या पानांचा तिला मनस्वी राग होता.

धाकट्या भावाने तिला कोपराने ढोसलं. "ताई, सांग ना," तो कुजबुजला. "वैर होतं म्हणून सांग. जाऊ दे म्हातारीला गटाराकडे."

थोरल्याला घाम फुटला होता. "भिंतीकडे पाणी साचतं हो," तो चिटणिसांना म्हणाला. "आईला ओल अजिबात सोसायची नाही."

"आता सोसेल," भाऊ पुटपुटला.

शिंपीण नकाशाकडे बघत होती. झाडापासून भिंतीपर्यंत चांगली चाळीस-पन्नास पावलं असतील. तिच्या छातीत आग पेटली होती आणि ती विझावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"काही वैर नव्हतं," ती म्हणाली. "द्या त्यांना झाडाखालची."

भाऊ उडालाच. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईला तिथे तरी सुखाने पडू दे!"

चिटणिसांना अंगठीचं सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं कुणाला? ते हळू आवाजात म्हणाले, "बाळ, नीट विचार कर. मातीखाली लहान-थोर सगळे सारखे, चाकर तिथे धन्याच्या तावडीतून सुटतो, असं आपल्या ग्रंथातच आहे. मग आईला सुटू दे की."

"आई सुटलीच, काका. पण धनी चाकराच्या तावडीतून सुटतो, असं कुठे लिहिलंय?"

चिटणीस पन्नास वर्षं तो ग्रंथ वाचत आले होते. मग त्यांनी चष्मा खाली ओढला, पेन्सिल घेतली आणि झाडाखालच्या चौकोनात बाईंचं नाव लिहिलं.

थोरल्याला यातलं काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तो घाईने खुर्चीवरून उठला. "फार उपकार झाले तुमचे. आईला चांगला शेजार मिळाला."

शिंपिणीने कफनाची घडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"अंगठी सापडल्यापासून माझी आई समोरून येताना दिसली की तुमच्या आई रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या," ती म्हणाली. "आता ओलांडा म्हणावं."