तिथीचा रकाना

परीक्षक चार टेबलं पलीकडे होते आणि नेत्राबाई तक्त्यावरचे आकडे खोडत होत्या.

रत्नागिरीतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या मांडवात इतकी गर्दी होती, की त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आठवीच्या मुलांनी दीड महिना, दर सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला, खाडीकाठच्या शाळेतल्या विहिरीचं पाणी काढून त्याचा खारटपणा मीटरवर मोजला होता. दिवाळीनंतर विहीर उतरत जाते, तसा खार वाढत जायला हवा. पुस्तक तेच सांगतं. मुलांचे आकडे मात्र एकदा नऊशे, एकदा चारशे, पुन्हा साडेआठशे. नुसता गोंधळ.

मुख्याध्यापक आधीच म्हणाले होते, "बाई, पोरांच्या हातात मीटर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. यंदा नंबर आला नाही, तर सोमवारपासून हे प्रकल्प बंद. खडू, फळा आणि प्रश्नोत्तरं."

नऊ वर्षं प्रश्नोत्तरं लिहून देऊन बाईंचा जीव विटला होता. या एका वर्षात मुलं पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारायला लागली होती. ते सगळं आता या तक्त्यापायी बुडणार, या विचारानं त्यांना रडू फुटत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बाईंनी तो खोडरबराचा घेतला. चारशे, साडेचारशे, पाचशे... आकडे कसे शहाण्यासारखे चढत गेले.

पाणी पिऊन परतलेली हुदा तक्त्याकडे बघतच राहिली. होडीवरच्या हाशिम तांडेलाची ही मुलगी. प्रकल्पाची नोंदवही तिच्याकडेच असे.

"बाई, हे नवे आकडे तुम्ही मोजलेत? मग तिथी सांगा ना, लिवून घेते."

"तिथी कसली?"

हुदानं वही उघडली. तारखेशेजारी तिनं पेन्सिलीनं आणखी एक रकाना आखला होता. तो तक्त्यावर उतरवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"अवस-पुनवेला दहाच्या सुमाराला भरती चढलेली असते, बाई. खाडीचं पाणी विहिरीत शिरतं. अष्टमीला त्याच टायमाला ओहोटी, मग पाणी गोडं. सोमवार-शुक्रवार बघून काय समजणार? होडी काय वार बघून निघते?"

बाईंचं बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं. नऊशेच्या आसपासचे सगळे आकडे अवस-पुनवेच्या आगेमागे. चारशेचे सगळे अष्टमीच्या आसपासचे. एकही चुकलेला नव्हता. सोन्यासारखे आकडे त्यांनी स्वतःच्या हातानं पुसले होते.

त्यांनी घाईघाईनं तक्ता उतरवून टेबलाखाली सरकवला. तोच परीक्षक समोर आले. हुदानं वही पुढे केली. ते उभ्याउभ्या वाचू लागले, मग खुर्ची ओढून बसले.

"मुली, हे तुला कोणी शिकवलं?"

"भरती-ओहोटी अब्बांनी," हुदा म्हणाली. मग तिनं अभिमानानं नेत्राबाईंकडे पाहिलं. "पण आकडा पटला नाय तरी खोडायचा नाय, ते आमच्या बाईंनी."