काळी तार

दारावरची घंटा वाजली तेव्हा ऑडिटरसाहेब बोटभर लांबीची एक काळी तार जागेवर खोचत होते. ती बसली, आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणारा पंप शहाण्यासारखा चालू झाला, शहाण्यासारखा थांबला. कित्येक दिवस अंगात आल्यासारखा वागणारा पंप तो हाच.

चूक साधी होती. पंपाची बॅटरी वेगळी, त्याला हुकूम सोडणारा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड वेगळा. दोघांचे मायनस एका तारेने जोडावे लागतात, नाहीतर एकाचा हुकूम दुसऱ्याला कळत नाही. पहिल्याच धड्यात सांगतात हे. साहेबांनी पहिला धडा वाचला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेल्या माणसाला पहिल्या धड्याची काय गरज?

त्यांनी थेट तक्रार केली होती. पंपाचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला, ती एका बाईंनी एकटीने बनवून सगळ्यांसाठी फुकट आणि खुली ठेवलेली. तिच्या इंटरनेटवरच्या पानावर, चारचौघांत, साहेबांनी लिहिलं, "फुकट द्यायचं म्हणून काहीही द्यायचं का? आधी स्वतः शिका, मग भाषा काढा." खाली बऱ्याच जणांनी अंगठे उंचावले. साहेब दोन दिवस हवेत होते. बाईंनी एवढंच विचारलं, मी याच शहरात असते, रविवारी येऊन पाहू का?

आणि आज, ती यायच्या जरा आधी, तारेचा उलगडा झाला.

"अहो, दार," आतून पत्नी म्हणाली. "की तेही पंपच उघडणार आहे?"

साहेबांच्या मनातली बाई चांगली आडदांड होती. दारात उभी होती ती हेल्मेटने केस चपटे झालेली, तिशीतली मास्तरीण. लॅपटॉपचं मोडकं बिजागर तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवलं होतं.

"काका, चार दिवस डोकं धरून बसलेय," ती बसायच्या आतच म्हणाली. "माझ्याकडे असं होतच नाही. दाखवा तरी."

दाखवायला काही उरलं नव्हतं. पंप चालला, थांबला, पुन्हा चालला. कुंड्या डबडबल्या.

"आज नीट चालतोय," साहेब म्हणाले. "काल नव्हता."

वाक्यात खोटं काही नव्हतं. कुठल्याही तपासणीतून सहीशिक्क्यानिशी सुटलं असतं.

"मधे कशाला हात लावलात का?"

साहेबांनी कुंडीतलं एक पिकलं पान खुडलं. "हात कशाला लावू? तुम्ही येणार म्हणून जसंच्या तसं ठेवलंय."

हे मात्र सुटलं नसतं.

पत्नी चहा घेऊन आली. तिने फरशीवर पडलेल्या काळ्या तारेच्या तुकड्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हे म्हणतात तसंच असेल," ती पाहुणीला म्हणाली. "लग्न झाल्यापासून यांची चूक म्हणून कधी निघालेली नाही."

बाई हसली. मग हसू ओसरलं. "म्हणजे कधी येणारी, कधी जाणारी चूक आहे. ही सगळ्यात वाईट, काका. तुमच्याकडची असती तर आत्ता दिसली असती. तेव्हा माझीच." तिने चहाचा घोट घेतला. "वेळ मोजायचा भाग मी मांडीवर बाळ घेऊन लिहिलाय. तेव्हाच वाटलं होतं, मधे कुठेतरी डुलकी लागली असणार. तो सगळा काढून टाकते. पुन्हा लिहायचा."

"सगळा?" साहेबांनी कप बशीत ठेवला. "किती काम असेल ते?"

"ते नका विचारू. यंदाची सुट्टी गेली म्हणायची. पण तुमचंही खरंच आहे. फुकट द्यायचं म्हणून काहीही द्यायचं नसतं."

टोमणा असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती मनापासून बोलत होती.

"त्याचं काय आहे," साहेबांनी सुरुवात केली, "ती तार..."

"थांबा हं काका, एवढं लिहिते, नाहीतर राहून जाईल." तिने चिमटा सावरून लॅपटॉप उघडला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली. "चूक माझ्या भाषेत आहे. तिची नवी आवृत्ती मागे घेत आहे. चूक चिकाटीने शोधून दिल्याबद्दल आभार... इथे तुमचं नाव टाकते. भाषेबरोबर कायम राहील. जो कोणी ती उतरवून घेईल, त्याला दिसेल."

"नाव कशाला?"

"वा, कशाला म्हणजे? एवढं तरी करू द्या मला. पूर्ण सांगा."

पत्नी कप उचलता उचलता थांबली. साहेब तिच्याकडे बघेनात.

त्यांनी सांगितलं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांच्या नावाशी आवाज पार खाली गेला.

"मधलं ऐकू नाही आलं, काका," बोटं तशीच कळांवर ठेवून ती म्हणाली. "पुन्हा सांगता?"