तीर्थाची पळी

एमआरआयच्या खोलीतून "श्वास धरा" ऐकू आलं की बाहेर बसलेल्या आत्याही श्वास धरत. थॅलेसेमिया असलेल्या भाचीला सतत रक्त चढवावं लागे. त्यातून तिच्या यकृतात किती लोह साठलंय, ते आज मोजत होते.

"फार वाढलंय," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "लोह उतरवायच्या गोळ्या चुकवता का?"

"एकही नाही हो!" भाचीच्या आईला, वहिनीला, रडू फुटलं.

भरल्या मंडपात खणखणीत कीर्तन करणाऱ्या आत्यांचा आवाज चिरकला. "मीच पाजत होते... लोहाचं टॉनिक. पोर पांढरीफटक दिसते म्हणून. देवापुढे ठेवून, तीर्थ म्हणून द्यायचे."

भाचीने आत्यांचा पदर घट्ट धरला.

"चवीवरून कळायचं मला, आत्या. पण तुझ्या हातच्या तीर्थाला नाही कसं म्हणू?"