घराची खूण

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सामानाचा पट्टा थांबला. बंगळुरूहून आलेले सगळे प्रवासी निघून गेले होते. दगडू पाटलाची बॅग आली नव्हती.

खरं तर ती पट्ट्यावर यायचीच नव्हती. लहान, निळी, हातात धरायची बॅग. पण विमान भरलेलं होतं. चढताना दारातच ती काढून घेतली आणि खाली सामानात टाकली. कुलूप लावायलाही वेळ मिळाला नाही. ते दगडूच्या खिशात राहिलं.

तक्रारीच्या काउंटरवर ऐश्वर्या नावाची मुलगी होती. तिने फॉर्म पुढे ओढला.

"बॅगेत काय आहे, काका?"

"कपडे."

"आणखी?"

"कागद."

"कसले कागद?"

"घरचे. तुमाला काय करायचंय? बॅग हरवलीत तुमी आणि झडती माझी घेताय?"

कागद एकच होता. १९७९ सालचा, वाटणीचा. नदीकाठची जमीन दोघा भावांत निम्मी निम्मी, असं त्यात लिहिलं होतं. खाली दगडूच्या बापाचा आणि चुलत्याचा अंगठा होता. नऊ वर्षांपूर्वी कल्याणच्या कोर्टात दगडूने शपथेवर सांगितलं, असा कागद कधी झालाच नाही. चुलतभाऊ खटला हरला. त्याच्या अपिलाची तारीख येत्या सोमवारी होती.

कागद तेव्हाच जाळता आला असता. दोनदा त्याने काडी पेटवलीही होती. पण त्यावर बापाचा अंगठा होता. मग त्याने तो बंगळुरूला, बहिणीच्या कपाटात ठेवला. या खेपेला चित्राने तो काढून त्याच्या हातात दिला.

"दादा, हे पाप माझ्या घरात नको. जाळ, नाहीतर कोर्टात दे."

दगडूने घरी पोचल्यावर जाळायचं ठरवलं होतं.

ऐश्वर्या लिहीत होती. दगडू पाटील. मारुती मंदिराजवळ, मोहने, कल्याण.

"घराची काही खूण? गावात पाटील पुष्कळ असतील. लोक तुम्हाला कुठल्या नावाने ओळखतात?"

त्या आळीत दगडू पाटील दोन होते, एक हा आणि दुसरा चुलतभाऊ. आजा वारला त्या साली घरातल्या दोन्ही सुना गरोदर होत्या. दोघींना मुलगे झाले आणि आज्याचं नाव सोडायला दोघीही तयार झाल्या नाहीत. गाव त्यांना थोरला दगडू, धाकटा दगडू म्हणायचं. खटल्यानंतर गावाने ही नावं टाकली आणि दुसरी लावली. ती दगडूच्या तोंडावर कोणी घेत नसे.

"खूणबीण काय नाय," तो म्हणाला. "दगडू पाटील म्हंजे दगडू पाटील. आख्खं मोहनं ओळखतं."

ऐश्वर्याने खुणेच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याने विमान कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पहिल्या माणसाला त्याने चोर म्हटलं. दुसऱ्याने फोन ठेवला. तिसऱ्याने थांबायला सांगून गाणं लावलं. मध्येच एका अनोळखी नंबरवरून दोनदा फोन आला. दगडूने दोन्हीदा तो कापला. पावणेबाराला तिसरा माणूस परत बोलला.

"सर, तुमची बॅग पोचली आहे. अकरा वीसला."

"कुठं पोचली? माझ्या घरात नाय."

"सही आहे, सर."

"कोणाची?"

"दगडू पाटील."

"दगडू पाटील मी हाय! मी सही केली नाय!"

"सर, आमच्या माणसाने नाव विचारूनच बॅग दिली आहे. फोटो पाठवतो."

फोटो आला. निळी बॅग एका पायरीवर उभी होती. पायरीच्या लाद्यांवर मोर होते. ती पायरी दगडूच्या दारापासून वीस पावलांवर होती. नऊ वर्षांत त्याने तिच्यावर पाय ठेवला नव्हता.

आळीच्या तोंडाशी शांताबाईचं किराणा दुकान होतं. नवखा माणूस पत्ता विचारायला तिथेच थांबे. दगडू अनवाणीच तिथे गेला.

"बॅगवाल्याला घर तू दाखवलंस?"

"हां, मीच."

"माझं घर म्हाईत नाय तुला? डोले फुटले का?"

शांताबाईने हातातलं फडकं तराजूवर ठेवलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती दोघंही दगडूकडे वळली.

"माझे डोले धड हायेत. त्यानं इचारलं, दगडू पाटील कुठं राहतात? मी बोलले, कंचा पायजे? खरा दगडू का खोटा दगडू?"

"मग?"

"मग तो हसला. बोलला, मावशी, खराच दाखवा. मला अजून सात बॅगा टाकायच्यात."

दगडू वळला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मोरांच्या पायरीवर आता बॅग नव्हती. समोरचं दार आतून लागलेलं होतं.

कुलूप त्याच्या खिशातच होतं.