लोरेन्झची खबर

कोमांची आदिवासींच्या टोळीने जर्मन वसाहतीतून पळवलेली ओटिली चार वर्षांनी परत आली, ती आपली जर्मन भाषा साफ विसरून. तिची आई लिना काय म्हणते ते तिला कळेना आणि ती काय म्हणते ते आईला. म्हणून तिला सोडवून आणणाऱ्या युसेबिओ व्यापाऱ्याला लिनाने दोन दिवस घरीच ठेवून घेतले होते. त्याची अर्धी हयात कोमांचींशी देवघेव करण्यात गेली होती.

दुपारी नदीपलीकडची डोरोथिआ गाडी हाकत आली. ओटिलीला नेले त्याच सकाळी, त्याच काठावरून डोरोथिआचा मुलगा लोरेन्झही पळवला गेला होता. तेव्हा नऊ वर्षांचा होता. लिनाने कॉफी पुढे केली. डोरोथिआने तिला हात लावला नाही.

"विचारा तिला, आमची पोरं कोण कोण आहेत तिकडे?"

युसेबिओने विचारले. ओटिली अंगणात मांडी घालून बसली होती. खुर्ची तिला नको होती. बोटांवर मोजत ती सांगू लागली, आणि तो जर्मनमध्ये सांगत गेला.

"गिरणीवाल्यांची बर्था आहे. लग्न झालं, दोन मुलं आहेत. लोहाराचा कास्पर आहे. तो आता घोडे चोरायला जातो."

"कास्पर? कोंबडीला भ्यायचा मेला!" लिना म्हणाली.

"आणि माझा लोरेन्झ?"

ओटिलीने मान खाली घातली. मग हळूच काहीतरी बोलली.

"'नदीवर माझ्याबरोबर होता तो,'" युसेबिओने शब्दाला शब्द सांगितला. "'घोड्यांवर फार जीव त्याचा. बिथरलेलं शिंगरू त्याच्याच हाती द्यायचे.'"

डोरोथिआचा चेहरा खुलला. "बघ लिना, बापाचा हात आहे तो! केवढा झालाय आता? विचारा ना. तुमच्या दारात मावायचा नाही!"

युसेबिओने विचारले नाही. तो हॅटची कड चाचपत बसला. त्याला कळून चुकले होते, आणि हे आपल्या तोंडून जावे असे त्याला मुळीच वाटत नव्हते. शब्दाला शब्द सांगून इथेच थांबले, तर बाई हसत घरी जाईल, असे त्याला वाटले.

पण डोरोथिआ खुळी नव्हती. "बाकीच्यांची नावं घेतली हिनं. माझ्याच पोराचं विसरली?"

"विसरली नाही, बाई. त्यांच्यात माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत. कोणीच नाही. सख्खी आईसुद्धा नाही."

लिनाने कॉफीचा पेला उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"कधी?" डोरोथिआने विचारले.

युसेबिओ ओटिलीशी दोन शब्द बोलला. "पहिल्याच हिवाळ्यात. तापानं."

"मी त्यानंतरचे तीन हिवाळे त्याचे मोजे विणत होते." डोरोथिआ म्हणाली. "त्यांच्यात नाव घेत नसतील. आमच्यात घेतात."

ती उठून कुंपणापाशी गेली, आणि जेवायला बोलवावे तशी तिने हाक मारली, "लोरेन्झ!" मग आणखी एकदा, मोठ्याने.

ओटिलीने दोन्ही कान घट्ट दाबून धरले. "अगं, असं काय करतेस? मावशी आहे ना ती," म्हणत लिना लेकीचे हात ओढू लागली. ते तिला सोडवेनात.